मेंदूला वीज देऊन विचार सुधारतो का?

समजा, तुमच्यापुढे चार कार्डे मांडली आहेत. पहिल्यावर एक तांबडा त्रिकोण, दुसऱ्यावर दोन हिरव्या चांदण्या, तिसऱ्यावर तीन पिवळ्या फुल्या आणि चौथ्यावर चार निळी वर्तुळे. आता तुमच्या हातात एकेक नवे कार्ड दिले जाते. ते या चारपैकी कोणत्या कार्डाशी जुळते, हे तुम्ही सांगायचे. जुळवायचे कशावरून? रंगावरून, आकारावरून की संख्येवरून? ते कोणी सांगत नाही. परीक्षक फक्त ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ एवढेच म्हणतो. चार-दोन चुका झाल्या की आपल्याला नियम सापडतो. मात्र लागोपाठ दहा उत्तरे बरोबर आली, की परीक्षक काहीही न सांगता नियम बदलतो. आतापर्यंत बरोबर ठरणारे उत्तर एकाएकी चूक ठरू लागते. आपण क्षणभर गोंधळतो, आणि मग जुना नियम सोडून नवा शोधू लागतो.

ही चाचणी १९४८ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात तयार झाली. स्किझोफ्रेनिया, म्हणजे मराठीत ज्याला छिन्नमनस्कता म्हणतात, तो आजार असलेल्या अनेकांची गाडी नेमकी इथे अडते. ‘चूक’, ‘चूक’ असे ऐकू येत असूनही त्यांना जुना नियम सोडवत नाही. यात हट्ट नसतो. जुने बाजूला ठेवायचे, नवे मनात धरायचे आणि मधल्या काळात लक्ष ढळू द्यायचे नाही, ही कसरत त्यांच्या मेंदूला जड जाते.

स्किझोफ्रेनिया म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो कानात आवाज ऐकू येणारा, कोणीतरी आपल्या वाईटावर आहे असे मानणारा रुग्ण. (‘छिन्न’ या शब्दामुळे एका माणसात दोन व्यक्ती राहतात असाही समज होतो, तो चुकीचा आहे.) या ठळक लक्षणांवर औषधे आहेत आणि पुष्कळांना त्यांचा चांगला उपयोग होतो. पण हा आजार बहुधा सुरू होतो तो सोळा-सतरा ते तिशीच्या दरम्यान, म्हणजे ऐन शिकण्याच्या आणि नोकरीला लागण्याच्या वयात. औषधांनी आवाज थांबतात, भीती ओसरते; तरी व्याख्यान ऐकता ऐकता टिपणे काढणे, हिशेब लक्षात ठेवणे, एकाच वेळी दोन सूचना सांभाळणे जमत नाही. घरच्यांना वाटते, ‘आता बरा झाला, मग कामाला का लागत नाही?’ या प्रश्नाचे उत्तर शोधताना शास्त्रज्ञ मेंदूला बाहेरून वीज देऊन पाहू लागले. ही कल्पना आली कोठून, आणि तिचे पुढे काय झाले?

आधी दिसलेले, मग मागे पडलेले लक्षण

जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी १८९० च्या दशकात या आजाराचे पहिले व्यवस्थित वर्णन केले. क्रेपेलिन हे प्रायोगिक मानसशास्त्राचे जनक विल्हेल्म वुंट यांच्याकडे शिकलेले. त्यामुळे रुग्ण काय बोलतो याबरोबरच त्याचे लक्ष किती टिकते, याकडेही त्यांची नजर होती. त्यांनी आजाराला दिलेल्या नावाचा अर्थच ‘अकाली आलेला बुद्धिभ्रंश’ असा होता. नाव फारच निराशाजनक होते आणि पुरते खरेही नव्हते, कारण पुष्कळ रुग्ण कालांतराने सुधारतात. स्वित्झर्लंडमधील ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द सुचवला आणि तोच रूढ झाला.

पुढे १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमॅझिन या औषधाचा उपयोग दिसून आला. वर्षानुवर्षे रुग्णालयात असलेली माणसे शांत झाली, काही घरी परतली. मोठीच गोष्ट होती ती. पण त्यामुळे ‘आवाज आणि भ्रम गेले म्हणजे आजार आटोक्यात आला’ असा हिशेब रूढ झाला. विचार करण्यातली अडचण मागे पडली. ती पुन्हा पुढे आली १९९० च्या दशकात. अमेरिकेतील मायकेल ग्रीन यांनी १९९६ मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र करून दाखवले, की रुग्ण पुढे कितपत स्वावलंबी होईल, याचा संबंध त्याच्या आवाजांपेक्षा स्मृती आणि लक्ष यांच्याशी अधिक आहे.

म्हणजे पहिल्या पिढीने पाहिलेले लक्षण महत्त्वाचे ठरायला शंभर वर्षे लागली.

मासा, बेडूक आणि एक शेतकरी

विजेची गोष्ट याहून जुनी आहे. रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस याने इसवी सन ४७ च्या सुमारास डोकेदुखीवर एक उपाय लिहून ठेवला आहे : विजेचा झटका देणारा जिवंत मासा दुखऱ्या जागी ठेवायचा! वीज म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हते. डोके बधिर होते एवढे त्याला माहीत होते.

लुइजी गॅल्व्हानी यांनी बेडकाच्या पायांवरील प्रयोग १७९१ मध्ये प्रसिद्ध केले, आणि १८०० साली व्होल्टा यांनी पहिली बॅटरी बनवली. आता हवी तेव्हा वीज हाताशी आली. गॅल्व्हानींचे भाचे जोव्हानी आल्दिनी यांनी लगेच ती माणसाच्या डोक्याला लावली – आधी स्वतःच्या, मग बोलोन्या शहरातील रुग्णालयात असलेल्या, खोल उदासीने ग्रासलेल्या २७ वर्षांच्या एका शेतकऱ्याच्या. थोडी थोडी वीज अनेक दिवस दिली. शेतकरी सुधारला आणि घरी गेला, असे आल्दिनींनी लिहून ठेवले आहे.

इथे जरा थांबू या. शेतकरी सुधारला तो विजेमुळे का? की रुग्णालयात विश्रांती मिळाली, एक नामवंत माणूस रोज विचारपूस करू लागला, म्हणून? की काळाने आपोआप उदासी ओसरली? एका रुग्णावरून हे कळणे शक्य नाही. ‘आधी अमुक केले, नंतर तमुक झाले’ यावरून ‘अमुकमुळे तमुक झाले’ असे म्हणता येत नाही. हा प्रश्न या गोष्टीत शेवटपर्यंत आपली पाठ सोडणार नाही.

मेंदू विजेला प्रतिसाद देतो याचा पक्का पुरावा मिळाला १८७० मध्ये. बर्लिनमध्ये गुस्टाव फ्रिट्श आणि एडुआर्ड हित्सिग यांनी कुत्र्याच्या उघड्या मेंदूवर विशिष्ट जागी बारीक प्रवाह दिला, तेव्हा शरीराच्या विरुद्ध बाजूचा पाय हलला. जागा बदलली की हलणारा स्नायूही बदलला. म्हणजे मेंदूत कामांची वाटणी आहे. चारच वर्षांनी अमेरिकेतील रॉबर्ट्‌स बार्थोलो या डॉक्टरने हाच प्रयोग माणसावर केला. त्याच्या एका रुग्ण स्त्रीच्या कवटीला व्रणामुळे भोक पडले होते; त्यातून त्याने मेंदूत सुया घालून वीज दिली. प्रवाह वाढवल्यावर तिला आकडी आली, आणि काही दिवसांत ती मरण पावली. यावर खुद्द डॉक्टरांमधूनच कडक टीका झाली. ज्ञान मिळत असले, तरी रुग्ण हा प्रयोगाचे साधन नव्हे, ही जाणीव अशा घटनांतून हळूहळू रुजत गेली.

रोम, १९३८

हंगेरीतील लाडिस्लास मेडूना यांची समजूत होती, की अपस्मार आणि स्किझोफ्रेनिया हे एकमेकांचे वैरी आहेत. एक असला की दुसरा नसतो. म्हणून १९३४ मध्ये त्यांनी औषधाने मुद्दाम आकडी आणून स्किझोफ्रेनियावर उपचार सुरू केले. रोममध्ये उगो चेर्लेत्ती आणि लुचो बिनी यांनी आकडी आणण्यासाठी वीज वापरायचे ठरवले. शहराच्या कत्तलखान्यात डुकरांना मारण्यापूर्वी विजेने बेशुद्ध करीत. त्या झटक्याने डुक्कर मरत नाही, हे चेर्लेत्तींनी तिथे जाऊन पाहिले. एप्रिल १९३८ मध्ये रेल्वे स्टेशनवर असंबद्ध बडबडत फिरताना पोलिसांना सापडलेल्या एका माणसावर त्यांनी पहिला प्रयोग केला. त्याची संमती कोणी घेतली नव्हती.

हीच ती ‘शॉक ट्रीटमेंट’. मेडूनांची मूळ समजूत पुढे चुकीची ठरली. पण उपचार काही आजारांत, विशेषतः तीव्र औदासीन्यात, खरोखर उपयोगी ठरला. आज तो भूल देऊन आणि स्नायू सैल करणारे औषध देऊन करतात. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तसे केल्याशिवाय तो देण्यास मनाईच केली आहे.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. एक म्हणजे, इथे काम करते ती आकडी. वीज हे केवळ ती आणण्याचे साधन. दुसरी म्हणजे, या उपचारानंतर काही काळ स्मरणशक्ती मंदावते. म्हणजे विचारशक्ती सुधारण्याचा हा मार्ग नव्हे. त्यासाठी आकडी न आणता, माणूस जागा असताना, मेंदूच्या ठरावीक भागालाच हलकेच डिवचता यायला हवे होते.

नेमके कोठे?

पण ठरावीक म्हणजे कोणता भाग? इथे आपली कार्डे पुन्हा कामी आली. डॅनियल वाइनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोक कार्डे जुळवत असताना त्यांच्या मेंदूतील रक्तप्रवाह मोजला. निरोगी माणसांत कपाळामागच्या भागाच्या वरच्या-बाहेरच्या पट्ट्यात रक्तप्रवाह वाढला. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत तो तसा वाढला नाही.

येल विद्यापीठात पॅट्रिशिया गोल्डमन-राकिच माकडांवर प्रयोग करीत होत्या. माकडाला खाऊ कोठे ठेवला ते दाखवायचे, मग काही सेकंद पडदा ओढायचा. पडदा असताना, म्हणजे डोळ्यांपुढे काहीही नसताना, याच भागातील काही चेतापेशी काम करीत राहतात. जणू ती जागा मनात धरून ठेवतात. या क्षमतेला कार्यस्मृती म्हणतात. फळ्यावरचे गणित पुसल्यावर हातचा मनात ठेवतो, तो याच स्मृतीच्या बळावर. १९९२ मध्ये सोही पार्क आणि फिलिप होल्झमन यांनी दाखवले, की स्किझोफ्रेनियात ही कार्यस्मृती उणी पडते. आता जागा ठरली : कपाळामागचा तो पट्टा.

कवटी न उघडता

कवटी ही विजेच्या वाटेतील मोठी अडचण. १९८० मध्ये मर्टन आणि मॉर्टन या इंग्रज शास्त्रज्ञांनी डोक्यावरून उच्च दाबाचा क्षणिक झटका देऊन हाताचे स्नायू हलवून दाखवले. पण त्याने डोक्याची त्वचा फार दुखे. १९८५ मध्ये शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी वेगळी वाट काढली. दहावीच्या पुस्तकातील विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा प्रयोग आठवा : तारेच्या वेटोळ्याजवळील चुंबकीय क्षेत्र बदलले, की वेटोळ्यात वीज निर्माण होते. फॅरडे यांनी १८३१ मध्ये शोधलेले हे तत्त्व बार्करनी डोक्याला लावले. डोक्याजवळ कॉइल धरली आणि तिच्यातून क्षणभर प्रचंड प्रवाह सोडला. चुंबकीय क्षेत्र कवटीतून सहज आरपार जाते. ते एक-दोन टेस्लापर्यंत पोचते आणि मिलीसेकंदाच्या आत नाहीसे होते. या झपाट्याने होणाऱ्या बदलामुळे मेंदूच्या वरच्या थरातच बारीक प्रवाह निर्माण होतो. बोट हलते, पण दुखत नाही. फॅरडेच्या प्रयोगात जिथे तारेचे दुसरे वेटोळे असते, तिथे इथे मेंदू असतो!

असे ठोके पुन्हा पुन्हा दिले तर त्या भागाची उत्तेजितता काही काळ बदलते, असेही दिसले. औदासीन्यावरील उपचार म्हणून अमेरिकेत २००८ मध्ये याला मान्यता मिळाली. स्किझोफ्रेनियात येल विद्यापीठाच्या राल्फ हॉफमन यांनी २००० सालच्या सुमारास कानातले आवाज कमी करण्यासाठी ते वापरून पाहिले.

त्याच वर्षी जर्मनीतील ग्योटिंगन येथे मायकेल निट्शे आणि वाल्टर पाउलुस यांनी आल्दिनींची जुनी कल्पना नव्या मोजमापासह पुढे आणली. ओल्या स्पंजांतून डोक्यावर फक्त एक मिलीॲम्पिअर दिष्ट प्रवाह काही मिनिटे दिला, तर खालच्या चेतापेशींची उत्तेजितता प्रवाहाच्या दिशेनुसार वाढते किंवा घटते, हे त्यांनी मोजून दाखवले. शॉक ट्रीटमेंटमधील प्रवाह याच्या शेकडो पट असतो. साधन स्वस्त, सुटसुटीत. साहजिकच जगभर प्रयोग सुरू झाले. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतही या पद्धतीवर बरेच काम झाले आहे, मुख्यतः कानातल्या आवाजांसाठी.

लुटुपुटूचा उपचार

आता आल्दिनींच्या शेतकऱ्याचा प्रश्न पुन्हा समोर आला. सुधारणा विजेमुळेच झाली, हे कसे ओळखायचे? उत्तर असे : चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट पाडायचे. एका गटाला खरा उपचार, दुसऱ्याला हुबेहूब तसाच दिसणारा पण लुटुपुटूचा. कॉइल डोक्याला लावायची, ‘टक् टक्’ आवाजही येऊ द्यायचा, पण ती तिरपी धरायची, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मेंदूपर्यंत पोचत नाही. दिष्ट प्रवाहात सुरुवातीला त्वचेला किंचित खाज सुटते. म्हणून लुटुपुटूच्या गटातही प्रवाह सुरू करायचा आणि अर्ध्या मिनिटाच्या आसपास गुपचूप बंद करायचा. कोण कोणत्या गटात आहे हे रुग्णाला कळू द्यायचे नाही आणि चाचणी घेणाऱ्यालाही नाही.

या कसोटीवर काय दिसले? टोरोंटो येथे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कपाळामागच्या दोन्ही बाजूंना चार आठवडे चुंबकीय ठोके दिले, तेव्हा खऱ्या उपचाराच्या गटातील रुग्णांची कार्यस्मृती स्पष्टपणे सुधारली. आशा वाढली. पण त्या अभ्यासात रुग्ण तीसही नव्हते. नाणे दहादा उडवले तर सात वेळा छापा पडणे काही दुर्मिळ नाही. तसेच छोट्या अभ्यासांचे असते. त्याच संस्थेने पुढे कितीतरी अधिक रुग्ण घेऊन पुन्हा अभ्यास केला. २०२१ मध्ये त्याचा निकाल आला, आणि खऱ्या व लुटुपुटूच्या उपचारांत फरक दिसला नाही.

जर्मनीतील तीन विद्यापीठ रुग्णालयांत मिळून १७५ रुग्णांवर झालेला अभ्यास तर शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. विचारशक्तीच्या चाचण्यांचे त्याचे निकाल २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. खरा उपचार मिळालेल्या गटाचे गुण वाढले. लुटुपुटूचा उपचार मिळालेल्या गटाचेही वाढले! कारण? याचे एक साधे कारण आपल्या परिचयाचे आहे : तीच चाचणी पुन्हा पुन्हा दिली की सरावानेच गुण वाढतात. सराव परीक्षा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला हे सांगायला नको. दुसरा गट नसता, तर हे सारे श्रेय कॉइलला मिळाले असते.

आजचे चित्र असे आहे. सारे अभ्यास एकत्र करून पाहिले, तर काही विश्लेषणांत कार्यस्मृतीत थोडी सुधारणा दिसते, काहींत दिसत नाही. इतर क्षमतांबाबत पुरावा आणखी कच्चा आहे. प्रत्येकाच्या कवटीची जाडी, मेंदूच्या घड्या, चालू असलेली औषधे वेगळी. त्यामुळे एकाच मापाचा डोस सर्वांना लागू पडत नसावा. प्रयोग थांबलेले नाहीत, आणि थांबू नयेत. औषधांच्या वाटेनेही यश सहज मिळालेले नाही. याच लक्षणांसाठीच्या एका नव्या औषधाच्या मोठ्या चाचण्या २०२५ च्या सुरुवातीला अपयशी ठरल्या. मात्र ‘बुद्धी तल्लख करणारी’ म्हणून विकली जाणारी विजेची यंत्रे घरी आणून डोक्याला लावणे, हा शुद्ध अविचार होय.

मग उपाय काहीच नाही?

आहे, आणि तो वर्गाच्या फार जवळचा आहे. लक्ष, स्मृती, नियोजन यांचे रुग्णांना पद्धतशीर शिक्षण देण्याचा एक उपचार आहे. सोप्याकडून अवघडाकडे जाणारी कामे, पुष्कळ सराव, आणि सोबत मार्गदर्शक. लंडनच्या टिल वाइक्स आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अशा ४० अभ्यासांचा, २१०० हून अधिक रुग्णांचा, एकत्र आढावा घेतला. विचारशक्तीत मध्यम पण टिकाऊ सुधारणा दिसली. रोजच्या जीवनात सर्वाधिक फायदा कोठे झाला? जिथे नुसती घोकंपट्टी न करवता ‘हे काम कोणत्या युक्तीने सोपे होईल’ हे शिकवले गेले आणि जोडीला पुनर्वसनाची मदत होती, तिथे.

अशी माणसे आपल्यात कमी नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ३०० माणसांमागे एकाला हा आजार असतो. एखादा बरा शिकणारा विद्यार्थी अकरावी-बारावीत किंवा कॉलेजात एकाएकी मागे पडू लागला, मित्रांपासून तुटला, स्वतःशीच बोलू लागला, वागण्यात संशय दिसू लागला, तर त्याला आळशी ठरवण्याआधी घरच्यांशी बोलावे. दर वेळी स्किझोफ्रेनियाच असेल असे मुळीच नाही. पण मानसोपचारतज्ज्ञाने तपासणे आवश्यक. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला देते. उपचार जितके लवकर सुरू होतील, तितके बरे होण्याची शक्यता अधिक. आणि असा विद्यार्थी उपचारांनंतर वर्गात परत आला, तर त्याला एका वेळी एकच सूचना द्यावी, ती फळ्यावर लिहून ठेवावी, उत्तरासाठी थोडा जास्त वेळ द्यावा. याला ना कॉइल लागते, ना बॅटरी.